स्पिनिंग रीलला कोणता दोरा? ठाणे-नवी मुंबईच्या गरीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

रील घेताना लोक दुकानदाराशी तासभर हुज्जत घालतात, बेअरिंग मोजतात, हँडल फिरवून फिरवून बघतात. दोऱ्याची वेळ आली की मात्र "यावर बसेल तो द्या." मग खाडीवर पहिल्या तासात गुंता, दुसऱ्या तासात तुटलेला दोरा, आणि शिव्या खातं बिचारं रील.

ठाण्याची खाडी, घोडबंदरकडची उल्हास नदीची खाडी, पनवेलची खाडी आणि शहरातली तळी, एवढंच डोळ्यासमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढची बरीचशी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. आपल्या खाडीत दोरा माशाच्या ताकदीने क्वचित तुटतो. तो घासून तुटतो. पुलाच्या खांबांवरची कालवं, धक्क्याचे दगड, तिवरांची मुळं, जिताड्याच्या कल्ल्याची धार. म्हणून दोरा किती पौंडी आहे यापेक्षा त्याचा शेवटचा मीटर-दीड मीटर कसा आहे, हे जास्त महत्त्वाचं.

घरात हातगरीचा तंगूस पडून आहे. तोच रीलवर भरला तर?

भरता येतो, फेकता येत नाही. स्पिनिंग रीलचं स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळायची चकती, फेकताना फिरत नाही. दोरा त्याच्या कडेवरून वेटोळी वेटोळी सुटत जातो. ओढताना बेलची तार स्पूलभोवती फिरून दोरा परत गुंडाळते. त्यामुळे दोरा मऊ हवा, बारीक हवा आणि गुंडाळलेला आकार धरून न बसणारा हवा. हातगरीचा जाड, कडक तंगूस स्पूलवर बसला की आपला गोल आकार सोडत नाही. बेल उघडताच पाच-सहा वेटोळी एकदम उसळतात आणि काठीच्या पहिल्या गाइडवर, म्हणजे दोरा ओवायच्या कडीवर, अडकतात. हातगरीला तो उत्तमच आहे, तिथेच राहू दे.

मोनो, फ्लोरोकार्बन, ब्रेड: नेमका फरक काय?

मोनो म्हणजे नायलॉनची एकच अखंड तार, म्हणजे आपला तंगूसच, पण मऊ आणि बारीक केलेला. तो चांगला ताणला जातो, चांगल्या ओढीला वीस टक्क्यांपर्यंतसुद्धा. हा ताण सुरुवात करणाऱ्याला वाचवतो: मासा अचानक मुसंडी मारतो, ड्रॅग (मासा ओढायला लागला की दोरा सुटू देणारा रीलचा ब्रेक) चुकीचा लावलेला असतो, तरी दोरा थोडा लांबून झटका पचवतो. तोटा असा की लांबवरचा हलका चावा हातापर्यंत पोचत नाही. शिवाय नायलॉन पाणी शोषतं, ओलं झाल्यावर थोडी ताकद गमावतं, आणि उन्हाने हळूहळू कडक, ठिसूळ होतं.

फ्लोरोकार्बनचा माल वेगळा, पीव्हीडीएफ नावाचं प्लास्टिक. घनता १.७८ च्या आसपास, म्हणजे नायलॉनच्या १.१४ पेक्षा बरीच जास्त, त्यामुळे पटकन बुडतो. पाणी शोषत नाही, उन्हाला दाद देत नाही. पण जाड असला की कडक होतो आणि स्पिनिंग रीलवर पूर्ण भरला तर वैताग आणतो. त्याची खरी जागा म्हणजे पुढचा लीडर, दोऱ्याच्या टोकाला जोडलेला मीटर-दीड मीटरचा तुकडा.

ब्रेड म्हणजे पॉलिएथिलीनच्या अतिशय बारीक तंतूंची वेणी. डायनीमा आणि स्पेक्ट्रा ही त्या तंतूंचीच व्यापारी नावं. पाण्यापेक्षा किंचित हलका, म्हणून तरंगतो. ताण जवळजवळ नाहीच, त्यामुळे कोळंबीच्या तुकड्याला चिवणीने नुसतं नाक लावलं तरी बोटाला कळतं. त्याच जाडीच्या मोनोच्या दुप्पट-तिप्पट वजन पेलतो. पण कालवावर ताणलेला ब्रेड एकदा टेकला की संपला. वजन पेलायला जेवढा तगडा, तेवढाच धारेपुढे नाजूक. आणि दुकानात हे कुणी सांगत नाही.

मग एकच दोरा घ्यायचा असेल तर?

आधी ठरवा, करायचं काय आहे. आमिष लावून बसून गरवायचं, तळ्यात तिलापिया-रोहू, खाडीत चिवणी-शिंगाळा, तर २५०० किंवा ३००० आकाराच्या रीलवर ०.२८ ते ०.३० मिमीचा मोनो भरा आणि डोकं शांत ठेवा. साधारण १० ते १४ पौंडांचा असतो, स्वस्त असतो, गुंता झाला तर कापून टाकताना जीव हळहळत नाही.

ल्युअर, म्हणजे नकली आमिष, फेकून जिताडा किंवा तांब मारायचा विचार असेल तर ३००० ते ४००० चं रील, पीई १.५ चा ब्रेड (पीई हा जाडीचा नंबर, खाली सांगितलाय) आणि पुढे ३० ते ४० पौंडी लीडर. दिवसभर फेकायचं असतं, हलकं ल्युअर लांब जायला हवं, चावा लगेच कळायला हवा. यात मोनो मागे पडतो.

चार धाग्यांचा ब्रेड की आठ?

आठ धाग्यांचा गुळगुळीत, गाइडमधून आवाज न करता जातो, थोडा लांब जातो. चारचा खरखरीत, पण प्रत्येक धागा जाड असल्याने घासणं जरा जास्त सोसतो, आणि स्वस्त. खाडीला चारचा पुरे. आठचा घेतलात तर कुणी नाव ठेवणार नाही.

पाकिटावर पौंड, मिमी आणि पीई नंबर असे तीन आकडे असतात. कशावर विश्वास ठेवायचा?

पौंड म्हणजे दोरा किती वजनाला तुटतो. एक पौंड साधारण ४५० ग्रॅम. १० पौंड म्हणजे साडेचार किलो, २० पौंड म्हणजे नऊ किलो. मिमी म्हणजे जाडी. पीई नंबर ही जपानी पद्धत; तो मुळात जाडीचाच नंबर आहे, ताकदीचा नाही. पीई ०.८ म्हणजे सुमारे ०.१४८ मिमी, पीई १ म्हणजे ०.१६५, पीई १.५ म्हणजे ०.२०५, पीई २ म्हणजे ०.२३५ आणि पीई ३ म्हणजे ०.२८५ मिमी. चांगल्या कंपनीचा पीई १ साधारण १६ ते २० पौंड पेलतो, पीई २ तीसच्या पुढे जातो.

मोनो घेताना मिमी बघा, ब्रेड घेताना पीई नंबर आणि पौंड दोन्ही एकमेकांशी जुळतात का ते बघा. पीई १ लिहून पुढे ५० पौंड छापलं असेल तर दोनपैकी एक आकडा खोटा, आणि बहुतेक वेळा जाडीचाच.

ऑनलाइन ५०० मीटर ब्रेड अगदी स्वस्तात मिळतो. घ्यावा का?

घ्यायचा तर तपासून. पेन्सिलीवर शेजारी शेजारी, एकमेकांवर न चढवता वीस वेढे घट्ट गुंडाळा, पट्टीने एकूण रुंदी मोजा आणि वीसने भागा. ब्रेड दाबून चपटा होतो म्हणून आकडा थोडा इकडेतिकडे येईल, पण ०.२० मिमीच्या नावाखाली ०.३० दिलाय का, हे लगेच कळतं. मग सामान तोलायच्या डिजिटल काट्याला बांधून ओढून बघा. ओढताना हाताला जाड कापड गुंडाळा. स्वस्त दोरा वाईटच असतो असं नाही; तो जाड असतो. जाड म्हणजे कमी लांब जाणार, पाण्याची ओढ जास्त घेणार. तेवढं चालत असेल तर खुशाल घ्या.

खाडीचं पाणी एवढं गढूळ. मग न दिसणारा फ्लोरोकार्बन लीडर कशाला?

न दिसण्यासाठी तर नकोच. जाहिरातीतलं गणित असं: पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लोरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा १.५ च्या वर; म्हणून फ्लोरोकार्बन पाण्यात कमी चमकतो. गणित खरं आहे. पण ऐरोली किंवा वाशीच्या पुलाखालच्या पाण्यात बोट बुडवलं तर नख दिसत नाही, तिथे जिताडा दोरा बघून परत जातो हे मला तरी पटत नाही. तो मासा हालचाल आणि पाण्यातली थरथर यांवर झेपावतो.

लीडर हवा तो घासण्यासाठी. त्यासाठी जाड मोनोचा लीडरही चालतो. पैसे कमी असतील तर ४० पौंडी साधा नायलॉन घ्या आणि वाचलेल्या पैशात चांगली ल्युअर घ्या. फ्लोरोकार्बन कडक असल्याने कालवावरून सरकताना थोडा जास्त टिकतो, एवढाच त्याचा इथे फायदा. धरणाच्या निवळ पाण्यात मात्र गोष्ट बदलते. तिथे बारीक फ्लोरोकार्बनला पैसे घालणं रास्त आहे.

कुठल्या माशाला किती जाड लीडर?

जिताड्याला मोठे सुळे नसतात, म्हणून लोक फसतात. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते. मासा उडी मारून डोकं झटकतो तेव्हा दोरा नेमका त्या कडेवरून फिरतो. शिवाय तोंडाच्या आतला भाग कानशीसारखा खरखरीत असल्याने लांब झुंजीत लीडर पांढरा पडतो. लहान जिताड्याला ३० पौंडी पुरतो, खांबांजवळ किंवा मोठ्याची आशा असेल तर ४० ते ५०. लांबी एक ते दीड मीटर. तांब वजनाने छोटा असला तरी चावताच मुळांच्या बिळाकडे धावतो, आणि त्याला दातही आहेत. त्यालाही ४० च लावा. पहिल्या दोन सेकंदांत थांबवला नाही तर नंतर दोरा कितीही जाड असून उपयोग नाही.

शिंगाळ्याला २० ते ३० पौंड बास, पण गळ काढताना त्याच्या काट्यांपासून हात सांभाळा. बोय आणि काळुंदरला ८-१० पौंडी बारीक मोनो. तिथे जाड लीडर लावलात तर आमिष नीट तरंगणारच नाही. उरणच्या बाजूला वाकटी लागायला लागली तर दहा-पंधरा सेंटिमीटर वायर लावा, दुसरा इलाज नाही.

प्रत्येक माशानंतर लीडरचा शेवटचा हातभर भाग दोन बोटांत धरून सरकवा. जरा जरी खरखर लागली की कापा आणि गाठ नव्याने मारा. कंटाळा येतो, अंधार असतो, डास चावत असतात, हे सगळं खरं. पण मोठा मासा गेल्याचे जेवढे किस्से धक्क्यावर ऐकू येतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ न कापलेल्या त्या हातभर लीडरात असतं.

स्पूलवर दोरा किती भरायचा?

कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली. कमी भरला तर दोरा कडेला घासून निघतो आणि लांब जात नाही. काठोकाठ भरला तर वेटोळी आपोआप सांडतात.

स्पूलवर "०.३० – १५०" असं काही छापलेलं असतं, म्हणजे ०.३० मिमीचा दोरा १५० मीटर मावतो. दुसऱ्या जाडीचा किती मावेल हे काढायला जाडीच्या गुणोत्तराचा वर्ग घ्या: ०.२० मिमीचा दोरा म्हणजे १५० × (०.३० ÷ ०.२०)², सुमारे ३३७ मीटर. धक्क्यावरून १५० मीटर ब्रेड भरपूर झाला. उरलेली जागा खाली जुना मोनो भरून काढा. दुहेरी फायदा: ब्रेड वाचतो, आणि तो स्पूलवर घसरत नाही. नुसता ब्रेड थेट गुळगुळीत धातूवर बांधला तर अख्खा गठ्ठा गरगर फिरतो आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग बिघडला.

मोनो नेमका किती लागेल हे कळत नसेल तर उलटं करा. आधी ब्रेड भरा, त्यावर मोनो कडेपर्यंत भरा, मग सगळं एका रिकाम्या रिळावर उतरवा, तिथून दुसऱ्या रिळावर, आणि मोनोच्या टोकाने परत स्पूलवर चढवा. घरात एक माणूस मदतीला लागतो, आणि तो माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

दोऱ्याला पीळ बसतो आणि सारखा गुंता होतो. रील खराब आहे का?

नव्याण्णव टक्के रीलचा दोष नसतो. पीळ तीन ठिकाणी बसतो.

पहिलं, भरताना. दुकानातलं रिळ जमिनीवर आडवं ठेवा, लेबल वर. ओल्या फडक्यातून दोरा ताणून धरत हँडलचे वीसेक वेढे मारा आणि थांबा. हात पुढे नेऊन दोरा सैल सोडा. तो स्वतःभोवती वळायला लागला तर रिळ उलटं करा आणि पुढे भरा.

दुसरं, मासा ओढत असताना. ड्रॅग सुटतोय, कर्रर्र आवाज येतोय आणि आपण घाबरून हँडल फिरवतोय, हे दृश्य कुठल्याही धक्क्यावर बघायला मिळतं. दोरा आत येत नाही, पण बेल फिरतच असते, आणि प्रत्येक फेऱ्याला एक पीळ घालते. रीलचा गिअर ५:१ असेल तर हँडलच्या एका फेऱ्याला पाच पीळ, वीस फेऱ्यांना शंभर. मासा दोरा घेत असेल तेव्हा हँडल सोडा. काठी वर उचला, मग खाली आणताना गुंडाळा.

तिसरं, फेकल्यावर हँडल फिरवून बेल बंद करणं. पहिला वेढा सैल बसतो आणि पुढच्या फेकीला तोच गोळा होऊन बाहेर येतो. ब्रेडमध्ये तर हमखास. ल्युअर पाण्यात पडताच बेल हाताने बंद करा आणि दोरा बोटाने एकदा ताणून घ्या. एवढ्या एका सवयीने निम्मे गुंते थांबतात. फिरणारं ल्युअर वापरत असाल तर चांगली स्विव्हल, म्हणजे दोरा आणि ल्युअरमधली फिरती कडी, लावा.

पीळ आधीच बसला असेल तर ओहोटीच्या वाहत्या पाण्यात टोकाला काहीही न बांधता पन्नास-साठ मीटर दोरा सोडा, दोन मिनिटं वाहू द्या, मग बोटांच्या चिमटीतून गुंडाळा. तेव्हा आसपास जाळं किंवा होडी नाही ना, बघून घ्या.

उधाण आणि भांग यांचा दोऱ्याशी काय संबंध?

फार मोठा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती येते, पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला मुंबईकडे पाण्याची उंची साडेचार मीटरच्या वर जाते. एवढं पाणी सहा तासांत खाडीत शिरायचं आणि सहा तासांत निघायचं म्हणजे पुलाखाली ओढ नदीसारखी. ती ओढ शिशावर लागते त्यापेक्षा जास्त दोऱ्याच्या लांबीवर लागते. २० पौंडी मोनो साधारण ०.४० मिमीचा, तेवढाच तगडा ब्रेड त्याच्या निम्म्या जाडीचा किंवा त्याहूनही बारीक. म्हणजे पाण्याला धरायला निम्मी जागा, दोऱ्याला पोट कमी, आणि कमी शिशात आमिष तळाला टिकतं.

अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत पाणी मंद असतं. तेव्हा मोनोही छान चालतो. उधाणाला मोनोच वापरायचा असेल तर शिसं वाढवा, पण काठीवर लिहिलेल्या ग्रॅमच्या पुढे जाऊ नका. आणि भरतीच्या घाईत चिखलात उतरू नका.

गाठी कुठल्या शिकायच्या?

दोनच, पण हाताला बसेपर्यंत. गळ, स्विव्हल किंवा ल्युअर बांधायला युनी. ब्रेडला लीडर जोडायला डबल युनी. ब्रेड निसटता असल्याने त्याच्या बाजूला आठ वेढे, लीडरच्या बाजूला चार-पाच. पुढे हौस वाटली तर एफजी शिका. ती बारीक असते, गाइडमधून सहज जाते, पण वाऱ्यात हेडलाइटच्या उजेडात मारताना भल्याभल्यांची परीक्षा बघते.

गाठ आवळण्याआधी थुंकी लावून ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाने गरम होते आणि तिथेच कमजोर पडते. मग हाताने जोरात ओढून बघा. तुटायची असेल तर धक्क्यावरच तुटू दे.

ड्रॅग किती ठेवायचा?

सगळ्यात कमजोर दुव्याच्या पाव ते एक तृतीयांश. २० पौंडी ब्रेड असेल तर नऊ किलोचा पाव ते एक तृतीयांश, म्हणजे सव्वादोन ते तीन किलो. सामानाचा काटा दोऱ्याला अडकवा, काठी वाकवून ओढा, कितीला सुटतो ते बघा. अंदाजाने लावणारे बहुतेक सगळे जास्त घट्ट लावतात. ब्रेडला ताण नाही, हे इथे विसरू नका: मोनोवर चालून गेलेला घट्ट ड्रॅग ब्रेडवर गळ सरळ करतो किंवा माशाचं तोंड फाडतो.

ब्रेडने गाइड कापतात म्हणे?

आतली कडी सिरॅमिकची असेल तर नाही. जुन्या काठीच्या साध्या पत्र्याच्या कड्यांना कालांतराने खाचा पडतात, आणि त्या खाचा मग दोरा कापतात. कापसाचा बोळा कडीतून फिरवा. तंतू अडकले तर कडी बदला.

बोटं मात्र नक्की कापतो. गळ खाली अडकला तर ब्रेड हाताला गुंडाळून ओढू नका. लाकडाच्या दांडक्याला चार वेढे मारा आणि सरळ रेषेत मागे चाला. काठीने झटके दिलेत तर काठी जाईल.

रंगाचं काय?

माशासाठी काही नाही. तुम्हाला दिसेल तो घ्या; संध्याकाळी पिवळा किंवा पोपटी बरा दिसतो.

खाऱ्या पाण्यात दोरा किती टिकतो?

ब्रेड नीट ठेवला तर काही वर्षं. पुढचा भाग केसाळ झाला की पूर्ण दोरा उलटा करून भरा, आतला कोरा भाग पुढे येतो. मोनो मात्र दर हंगामाला बदला. नारळी पौर्णिमेच्या सुमारास नवा भरायची सवय लावली तर लक्षात राहतं. गॅलरीत उन्हात ठेवलेलं रील असेल तर त्याआधीच.

घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करा, गोड्या पाण्याची हलकी धार सोडा, पुसा, सावलीत वाळवा आणि मग ड्रॅग सैल करून ठेवा. जोराचा फवारा मारू नका, मीठ आत शिरतं. मच्छर मलमात डीट हे रसायन असेल तर ते नायलॉनला काही करत नाही, पण प्लास्टिकच्या मुठी आणि चष्मा खराब करतं. हात पुसून मगच रील धरा.

तुटलेल्या दोऱ्याचं काय करायचं? आणि कुठेही बसलं तर चालतं का?

ठाण्याच्या खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही. हद्दीत गरी टाकायच्या आधी वनखात्याला विचारा, तळ्यांवर तिथल्या व्यवस्थापनाला. कोळीवाड्याच्या धक्क्यावर बसत असाल तर होड्या आणि जाळ्यांची वाट मोकळी ठेवा. ते त्यांचं पोट आहे, आपली हौस.

दोरा मात्र कुठेही टाकू नका. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली ती पक्ष्यांच्या आणि माणसांच्या गळ्यासाठी. चिखलात पडलेला आपला मोनो पाणपक्ष्यांच्या पायाला तेच करतो. तुटका दोरा खिशात घालून घरी आणा, कात्रीने बोटभर लांबीचे तुकडे करा आणि बंद बाटलीत भरून कचऱ्यात द्या. खारफुटीत अडकलेला दुसऱ्याचा दोरा हाताशी आला तर तोही.

मुलाला पहिलं रील देतोय, दहा वर्षांचा आहे. काय भरू?

०.२५ मिमीचा मोनो, १००० किंवा २००० च्या रीलवर. तळं, तरंगी, कणकेची गोळी. ब्रेड नको, बोटं कापेल. गुंता तो करणारच; कात्री तुमच्याकडे ठेवा.